ट्रंकेतील पत्रे



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी आपले लक्ष एका दुर्लक्षित धनाकडे वेधू इच्छितो. ते धन म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची घरगुती पत्रे.

हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड 1879 साली सुरू झाले आणि दूरच्या आप्तांची खुशाली विचारणे सामान्य गृहस्थासही परवडू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पत्रांत वडिलांना ‘तीर्थरूप’, चुलत्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ असा मायना असे, ‘वि. वि.’ लिहून मजकुरास आरंभ होई. नुसत्या मायन्यावरून नाते आणि मान उमगावा, अशी ही शिस्त होती.

दूर असलेल्या माणसाला पत्र घराशी कसे जोडून ठेवते, याचे उदाहरण लोकमान्य टिळकांचे. 1908 ते 1914 ते मंडालेच्या तुरुंगात होते. गीतारहस्याचा खर्डा 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी तेथेच शिसपेन्सिलीने लिहिला. त्याच काळात भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांतून ते घराचा कारभार पाहत. जून 1912 मध्ये पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. ती तार मिळाल्यावर लिहिलेल्या पत्रात, अंतकाळी आपण जवळ नव्हतो ही खंत आहे. मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये ही काळजीही आहे. ही पत्रे जपली गेली, म्हणूनच राष्ट्रपुरुषातला घरचा कर्ता माणूस आपल्याला दिसतो.

बंगळूरशी मराठीचा संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा, म्हणजे सतराव्या शतकातला. येथील जुन्या घरांतून पुण्या-साताऱ्याहून, धारवाड-तंजावरहून आलेली पत्रे ट्रंकांच्या तळाशी पडून असतील. त्यांपैकी पुष्कळशी मोडी लिपीत असणार. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली. ती सहज वाचणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. घर बदलताना रद्दीबरोबर अशी पत्रे गेली, की त्या घराची कहाणी सांगणारे दुसरे साधन उरत नाही.

म्हणून माझी विनंती अशी: मोडी जाणणाऱ्यांकडून या पत्रांची बाळबोधीत नक्कल करून घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पत्रांतील माणसांची नाती टिपून ठेवावीत. टपालाच्या शिक्क्यावरून गाव व तारीख कळते, तेव्हा पाकिटेही टाकू नयेत.

आपली नातवंडे कन्नड व इंग्रजी उत्तम शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पणजीने पाठविलेले एखादे पत्र स्वतः वाचता येईल, एवढी मराठी त्यांच्यापाशी असावी. आणि ते पत्रही तोवर घरात असावे, एवढेच सांगून आपली रजा घेतो.