गोरोबांचे थापटणे आणि संकेतस्थळाची पारख



गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. गोदाकाठचे हे गाव सोडून बालवयातच त्या पंढरपुरी दामाशेटींच्या घरी गेल्या आणि नामदेवरायांच्या परिवारातल्याच एक होऊन राहिल्या. त्या नामदेवांची एक कथा वारकरी परंपरेत फार आवडीने सांगितली जाते. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विनंती केली, की काका, आपण कुंभार. या मडक्यांतले पक्के कोणते आणि कच्चे कोणते ते पारखून सांगा. गोरोबांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारीत ते पुढे चालले. बाकीचे संत स्वस्थ बसून राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि गोरोबांनी निवाडा दिला की एवढे मडके कच्चे आहे.

आजचा विषय संकेतस्थळाच्या मांडणीविषयी अभिप्राय कसा द्यावा आणि कसा स्वीकारावा, हा आहे. त्याचा या कथेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध कथेच्या उत्तरार्धात आहे. नामदेव पांडुरंगाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले आणि तेथून त्यांना औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे जाण्याची आज्ञा झाली. हे औंढा १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होते. तेथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, बाबा रे, जेथे पिंड नसेल तेथे माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत तेथे पिंड उभी राही. गोरोबांनी उणीव सांगितली होती. विसोबांनी ती नामदेवांना स्वतःच्या हातांनी अनुभवायला लावली. संकेतस्थळ घडविणाऱ्याला या दोन्हींची गरज असते. आपल्या गावांतून त्याला बहुधा दोन्ही मिळत नाहीत.

मिळते काय, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. एखादे देवस्थान, एखादी शिक्षणसंस्था, एखादी पतसंस्था ठरविते की आपलेही संकेतस्थळ असावे. कोणाचा तरी भाचा किंवा संस्थेचाच माजी विद्यार्थी संगणकातला असतो. तो रात्री जागून, बहुधा एक पैसाही न घेता, काम पुरे करतो. नारळ फुटतो, पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबली जाते, टाळ्या होतात. ‘फार छान झाले आहे’ एवढाच अभिप्राय त्या मुलाच्या वाट्याला येतो. मागाहून चहाच्या टपरीवर दुसरा अभिप्राय निघतो, ‘काही दम नाही त्यात’, आणि तो त्याच्यापर्यंत तिसऱ्याच्या तोंडून पोहोचतो. पहिल्याने तो सुखावतो, दुसऱ्याने खचतो. पृष्ठात काय बदलावे हे त्याला दोन्हींतून कळत नाही. आपल्याच माणसाने विनामूल्य केलेल्या कामाला नाव ठेवायचे कसे, या संकोचापायी समोर बोलण्याचे टाळले जाते. तिकडे प्रवेशअर्जाची अखेरची तारीख शोधणारी एखाद्या शेतकऱ्याची मुलगी लहानशा मोबाईलवर चार वेळा बोट फिरवते, तिला ती तारीख सापडत नाही, आणि ती एस.टी.ने तालुक्याला हेलपाटा घालते. या संकोचाची किंमत तिने मोजलेली असते, आणि ती कोणत्याही इतिवृत्तात येत नाही.

तेव्हा बोलले पाहिजे. प्रश्न कसे बोलावे एवढाच. एक उदाहरण घ्यावे. एखाद्या मंदिराच्या संकेतस्थळावर माथ्यावर केशरी पट्टी आहे आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत दर्शनाच्या वेळा आहेत, असे समजा. पाहणारा म्हणतो, ‘रंग काही जमला नाही.’ हे मत झाले. त्याला करणारा उत्तर देईल की मला तर जमलेला वाटतो, आणि वाद रुचीवर जाऊन थांबेल. दुसरा म्हणतो, ‘दुपारच्या उन्हात रस्त्यावर उभे राहून मोबाईलवर पाहिले तर वेळा वाचता येत नाहीत.’ हा अभिप्राय झाला, कारण त्यात वाचणारा कोण, तो कोठे आहे, काय करू पाहतो आणि कोठे अडतो हे सारे आले. तो पडताळूनही पाहता येतो. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत, त्यांत नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ असावे असे सांगितले आहे. नेहमीच्या केशरी छटेवर पांढरी अक्षरे घातली तर हे प्रमाण जेमतेम दोनाच्या पुढे जाते. त्याच केशरीवर काळी अक्षरे घातली की ते नवाच्या पुढे पोहोचते. म्हणजे ज्या रंगावर संस्थेची श्रद्धा आहे तो तसाच राहतो, केवळ अक्षरे बदलावी लागतात. करणाऱ्याचा हेतू ओळखून, तो राखून, अडचण दूर करण्याची वाट दाखविणारा अभिप्राय सहसा नाकारला जात नाही.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत अभिप्राय देणाऱ्याकडे आणखी एक डोळा हवा, आणि तो इंग्रजी पुस्तकांतून मिळणार नाही. तयार साचे बहुतेक रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले असतात. त्या साच्यात शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधील अंतर वाढविले की देवनागरीची शिरोरेषा जागोजाग तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन ओळींतले अंतर रोमन लिपीला पुरेसे असले तरी आपल्या वेलांट्या, मात्रा आणि रफार वरच्या ओळीच्या उकारांना जाऊन भिडतात. दुव्याखाली रेघ ओढली की ती उकाराला छेदून जाते. मग ‘कुल’ आणि ‘कूल’ यांतला भेद वृद्ध डोळ्यांना कळेनासा होतो. ‘वाचायला कसेसेच वाटते’ एवढे म्हणून थांबणाऱ्याने ही कारणे शोधली, तर त्याच्या तक्रारीला वजन येईल.

असाच प्रश्न ल आणि श यांचा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्णमालेच्या प्रमाणीकरणात यांचा विचार केला आहे. तरीही पडद्यावर पुष्कळदा हिंदी वळणाची अक्षरे दिसतात, आणि वाचकाला ती परकी वाटतात. तो चिडून म्हणतो की मराठीचा खून पाडला. बिचाऱ्या करणाऱ्याने खून वगैरे पाडलेला नसतो. काही टंकांमध्ये दोन्ही वळणे असतात. पृष्ठाच्या संहितेत भाषा मराठी अशी नोंद नसल्यामुळे टंक हिंदीचे वळण दाखवितो. एक लहानशी नोंद केली की योग्य टंकात ल आणि श आपल्या रूपात येतात. ही नोंद कोठे करावी हे सांगणारा एक माणूस, खुनाचा आरोप करणाऱ्या दहा जणांपेक्षा मराठीच्या अधिक उपयोगी पडतो.

र्‍य या जोडाक्षराची गोष्ट तर अधिक खोल आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. एकात विद्वान आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. संगणकावर मात्र हा अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित करता येतो, दिसतो सारखाच. पृष्ठ एका रीतीने लिहिले असेल आणि शोधणाऱ्याने दुसरी वापरली, तर शब्द डोळ्यांसमोर असूनही काही ठिकाणी शोध रिकामा परततो. हा दोष नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणालाही सापडणार नाही. त्यासाठी कोणाला तरी प्रत्यक्ष शोधायला बसवावे लागते.

म्हणजे पुन्हा विसोबांकडे यावे लागते. जेकब निल्सन या अभ्यासकाने २००० साली एक लेख लिहिला, तो या क्षेत्रात आजही उद्‌धृत होतो. पाच वापरकर्त्यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिले तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असा त्याचा हिशेब होता. पुढे त्यावर वाद झाले. सर्वच ठिकाणी हा आकडा लागू पडत नाही आणि वापरणाऱ्यांचे वर्ग भिन्न असतील तर प्रत्येक वर्गातली माणसे बसवावी लागतात, हे निल्सननेही सांगितले होते. पण गंगाखेडसारख्या गावाला या लेखातून घेण्याजोगे एवढेच आहे, की यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक महाविद्यालयीन विद्यार्थी, एक निवृत्त शिक्षक, बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई, परगावाहून जनाबाईंच्या दर्शनाला आलेला एक वारकरी आणि चष्म्याशिवाय न दिसणारे एक आजोबा, एवढी मंडळी गोळा करणे कठीण नाही. त्यांना ‘आवडले का’ असे विचारू नये. आपल्याकडे पाहुण्याला भाजी आवडली का विचारले तर तो काय सांगणार? त्यांना काम द्यावे: उद्या सकाळची काकड आरती किती वाजता आहे ते शोधा, भक्तनिवासात खोली आहे का ते पाहा. आणि करणाऱ्याने मागे गप्प बसावे.

हे गप्प बसणे सर्वांत अवघड. आजोबांचे बोट चुकीच्या जागी रेंगाळू लागले की करणाऱ्याच्या तोंडून ‘अहो, वर उजवीकडे’ असे निघून जाते. ते निघाले की परीक्षा संपली, कारण उद्या आजोबा घरी एकटे असतील तेव्हा वर उजवीकडे सांगायला कोणी नसेल.

अभिप्राय घेण्याची बाजू याहून कठीण आहे. नामदेव विठ्ठलाच्या अगदी जवळचे, म्हणून थापटणे त्यांनाच झोंबले, असा या कथेचा एक अर्थ लावता येतो. जो कामाच्या जवळ असतो त्याला ते काम बाहेरच्यासारखे दिसत नाही. आपण ठेवलेले बटण कोठे आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते सापडत नाही ही तक्रार त्याला मूर्खपणाची वाटते. तो समजावू लागतो. वस्तुतः त्या क्षणी ‘कोठे अडले?’ एवढे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.

याचा अर्थ प्रत्येक सूचना मान्य करावी असा मुळीच नाही. अडचण सांगणाऱ्याची तक्रार बहुधा खरी असते. त्याने सुचविलेला उपाय पुष्कळदा चुकीचा असतो. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये आपली मांडणी बदलली आणि वाचनसुलभतेसाठी ओळींची लांबी मर्यादित केली. मोठ्या पडद्यावर दोन्ही बाजूंना पांढरी जागा उरू लागली आणि वाचकांनी मोठा गदारोळ केला. जुनेच परत आणा, अशी मागणी झाली. करणाऱ्यांनी जुने परत आणले नाही. रुंदी वाढविण्याचे बटण ठेवले होते, पण खाते नसलेल्या वाचकाची निवड पुढच्या पृष्ठावर विसरली जाई; ती लक्षात राहील अशी सोय त्यांनी केली. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तेथे अशा चर्चेच्या जागेला ‘चावडी’ असे नाव आहे. नाव मोठे समर्पक आहे. चावडीवर जो बोलतो तो सर्वांसमोर बोलतो, आणि त्याला उत्तरही सर्वांसमोर मिळते. टपरीवरच्या अभिप्रायाला ही शिस्त नसते.

संस्थाचालकांच्या सूचनांचा प्रकार निराळाच. बोधचिन्ह मोठे करा, अध्यक्षांचे छायाचित्र वर घ्या, सर्व विश्वस्तांची छायाचित्रे पहिल्याच पृष्ठावर फिरती ठेवा! करणारा मुलगा त्यांना काय बोलणार? येथे बैठकीतल्या एखाद्या ज्येष्ठाने त्याची बाजू घ्यावी आणि विचारावे, की भाविक या पृष्ठावर काय शोधायला येतो. पाच माणसांनी आरतीची वेळ शोधताना किती वेळ घालविला, याची नोंद जवळ असेल तर वयाने लहान असलेल्या मुलालाही मोठ्यांपुढे न दुखावता बोलता येते. तेव्हा बोलते ती नोंद.

कधीकधी साधी तक्रार फार दूर जाते. आम्लहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या एका महिलेला बँकेच्या संगणकीय ओळख-पडताळणीत पापण्यांची उघडझाप करून दाखविण्यास सांगितले गेले. ते तिला शक्यच नव्हते. ही पद्धत ठरविताना अशीही माणसे असतील, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानून वीस निर्देश दिले. ही अडचण आधीच कोणी पाहून सांगितली असती आणि ती कोणी ऐकली असती, तर तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

केंद्र शासनाच्या संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. अभिप्राय पाठविण्याची सोय हवी आणि पृष्ठ अखेरचे केव्हा तपासले ती तारीख दिसावी, अशा अपेक्षा त्यांत आहेत. खासगी संस्थांनाही त्या उचलता येतील. त्यांत एका गोष्टीची भर घालावी: ज्याने अडचण सांगितली, त्याला दुरुस्ती झाल्यावर कळवावे. भाजीवाल्या बाईंच्या सांगण्यावरून आरतीची वेळ माथ्यावर आली असेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तो मोबाईल घेऊन त्यांच्याकडे जावे आणि पुन्हा एकदा त्यांनाच शोधायला सांगावे.