तागडीत न घातलेलं



शाळेत गुरुजी फळ्यावर लिहायचे, विरुद्धार्थी शब्द सांगा. मौल्यवान? कवडीमोल! आम्ही घोकलं, मार्क घेतले. पण उत्तर चूक होतं. कवडी हे बाजारात चालणारं नाणं होतं. कवडीमोल म्हणजे मोल झालंच की. हलकट मोल झालं, पण झालं. कमी भावावर माणूस भांडू तरी शकतो. मोल करण्याच्या खरं उलट म्हणजे माल तागडीत घालायचाच नाही.

आणि त्यासाठी मराठीत शब्द कसले गोड! त्यातला 'वेठ' एवढाच प्रामाणिक. बाकीचे बघा. सेवा. मान. हक्क. माझा आजा येसकर. वेशीवर पहारा, सरकारी टपाल, मयताचा सांगावा, मेलेलं ढोर ओढणं, पाटलाची लाकडं फोडणं. किती तास? कुणी मोजले नाहीत. आजा तापानं पडला की त्याच्या जागी पोरगं, नाहीतर आजी. बदल्यात इनामाचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि सांजेला दारोदारची भाकर. त्या भाकरीचं नाव 'हक्क'! असले बावन्न हक्क बिदरच्या बादशहानं दिले म्हणून आमचीच म्हातारी मिशीला पीळ देऊन सांगायची. राग येतो, आणि हसूही येतं.

बाबासाहेबांनी ही मेख ओळखली. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडलं. त्यात होतं काय? महाराची कामं कोणती ते ठरवा, बलुत्याचे रोख पैसे करा, ज्याला वतन सोडायचं त्याला सोडू द्या. म्हणजे तागडी आणा! ते बिल पास झालं नाही. वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं. मधे तीस वर्षं.

आता नवा शब्द आलाय, 'अमूल्य'. २०२० च्या कोरोनात काही ठिकाणी सफाई कामगारांवर फुलं उधळली. तुमचं कार्य अमूल्य आहे, म्हणाले. शब्द फोडून बघा. अ-मूल्य. ज्याला मूल्य नाही ते. कोशकारांनी त्याचा अर्थ फार मोठा लावलाय. ठेकेदारानं मात्र शब्दशः घेतलाय.

गटारात उतरलेल्या माणसाचा आकडा लागतो तो मेल्यावर. १९९३ पासून असे जे मेले त्यांच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०१४ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आकडा ३० लाख केला. कोर्टानं निदान तागडी धरली. पण पारड्यात प्रेत होतं.

पुढच्या बैठकीला नुसत्या कविता घेऊन येऊ नका. आपल्या वस्तीतल्या एका तरी सफाई कामगाराच्या घरी जा. त्याची हजेरी कोण मांडतं, किती दिवसांची मांडतं, हातात किती पडतात, ते त्याच्या तोंडून लिहून आणा. चिठ्ठी मिळतच नसेल, तर तेही लिहा.