मुलांना दिशा शिकवताना



भिंतीवर नकाशा टांगायचा आणि वर उत्तर, खाली दक्षिण असे घोकून घ्यायचे, ही आपली रीत. अशा मुलाला अंगणात आणून उत्तर विचारा. ते आभाळाकडे बोट करते. मुलाचे काय चुकले? त्याला शिकवले तेच त्याने सांगितले.

नकाशा जमिनीवर पसरावा आणि त्याची उत्तर गावाच्या उत्तरेला लावावी. सकाळी उगवतीकडे तोंड केले की उजव्या हाताला दक्षिण. दक्षिण या शब्दाचा अर्थच उजवा, आणि पश्चिम म्हणजे पाठीमागची. मात्र सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारासच. जूनमध्ये तो उत्तरेकडे आणि डिसेंबरात दक्षिणेकडे सुमारे २५ अंश सरकलेला असतो. म्हणून अंगणात काठी रोवावी. दुपारची सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र ती आपल्याकडे दक्षिणेला पडते. सुटीत हा प्रयोग करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, नाहीतर सगळेच उलटे व्हायचे!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरे राखणाऱ्या मुलांपाशी शाळाच गेली. गुराख्याच्या पोराला मावळत दाखवावी लागत नाही. आमच्या यंत्रमाग कामगाराच्या पोराला ती दाखवावी लागते. गल्ली अरुंद, ऊन माथ्यावर आल्यावर दिसायचे, आणि बाप रात्रपाळी करून सकाळी झोपलेला. त्याला पूर्ण्याच्या रस्त्यावर आणा. ठाणे नैर्ऋत्येला, भिवंडी ईशान्येला, एवढे कळले की विचारा, आजीचे गाव कोणीकडे? कोणी उत्तर प्रदेशाकडे हात करील, कोणी तेलंगणाकडे.

युनियनच्या कामात लोक माझ्याकडे जमिनीचे कागदही वाचायला आणतात. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. या पट्ट्यात भातशेतीची गोदामे झाली ती असल्याच कागदांवर. म्हातारा शेतकरी जागेवर चारही सीमा दाखवतो, पण कागद वाचत नाही. नातू कागद घडाघडा वाचतो, पण शेतात उभा केला की पूर्व सापडत नाही. अंगठा उठण्यापूर्वी त्या दोघांना कागद घेऊन एकदा बांधावर जाऊ द्या.