खुब्याचे दुखणे : दुखते कुठे, मूळ कुठे
(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. भूगोल आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. तेव्हा माझ्याकडे कुणी औषधाचे नाव मागू नये. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, माझ्या हातून याबाबतीत एक चूक घडली आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावच्या शाळेत होतो. सातवीच्या वर्गात अंगाने भरलेला एक मुलगा होता. कवायतीच्या तासाला तो मागे राही. "सर, गुडघा दुखतो," म्हणे. मी गुडघा पाहिला; सूज नाही, खरचटलेले नाही. कामचुकारपणा समजून मी त्याला मैदानाची आणखी एक फेरी मारायला लावली. घरच्यांनी तेल चोळले, मग गुडघ्याचा एक्स-रे काढला. तो निर्दोष निघाला आणि पोरगा सोंग करतो अशी सर्वांचीच खात्री पटली. दोन महिन्यांनी एका अस्थितज्ज्ञाने त्याला टेबलावर उताणे निजवून मांडी पोटाकडे वाकवली, तेव्हा ती सरळ वर न येता आपोआप बाहेरच्या अंगाला वळली. मग खुब्याचा फोटो काढला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या कूर्चेपाशी जागेवरून सरकला होता. शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावा लागला. मुलगा बरा झाला, परंतु थोडे लंगडणे कायमचे राहिले. त्या फेरीत गोळा आणखी किती सरकला असेल, याचा हिशेब मला आजही करवत नाही.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. त्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना काही अंशी त्याच मज्जातंतूंतून जातात. म्हणून दुखणे खुब्यात असते आणि मूल बोट ठेवते गुडघ्यावर. हाड सरकण्याचा हा आजार साधारण दहा ते सोळा वर्षांच्या, विशेषतः वजनदार मुलांत आढळतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांत त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो, त्यास पर्थेसचा आजार म्हणतात. आपल्या देशात खुब्याचा क्षयही विसरून चालत नाही. मूल लंगडत असेल तर गुडघ्याबरोबर खुबाही तपासून घ्या. अंगात ताप असून पाय टेकवत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मोठ्या माणसांकडे वळू. आपल्याकडे बरगडीखाली आणि मांडीच्या वर जे जे दुखेल त्याला 'कंबर' म्हणण्याची पद्धत आहे. डॉक्टरांचे निम्मे काम त्यामुळे अडते. जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, तर दोष बहुधा खुद्द सांध्यात असतो. उतारवयात ती झीज असते. पण तिशी-चाळिशीच्या माणसाला असे दुखू लागले तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याचा संशय घ्यावा. मद्यपान आणि स्टिरॉइड ही त्याची मोठी कारणे. २०२०-२१ च्या कोविड साथीत स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांत हा आजार पुढे दिसून आला. सांधेदुखीवर 'रामबाण' म्हणून मिळणाऱ्या बेनावाच्या पुड्यांत कधी कधी हेच स्टिरॉइड मिसळलेले असते.

खुब्याच्या बाहेरच्या अंगाला दुखते आणि त्या कुशीवर निजता येत नाही, ही तक्रार चाळिशीनंतरच्या स्त्रियांत फार. तेथील स्नायूंच्या टोकाचे दोर दुखावलेले असतात. मूल कडेवर घेऊन एका पायावर भार देत तासन्‌तास उभे राहिल्याने त्यात भरच पडते. दुसऱ्या कुशीवर निजून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी आणि नितंबाच्या स्नायूंचा व्यायाम हळूहळू वाढवावा, बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो. मागे नितंबात दुखून कळ पायात उतरत असेल तर उगम बहुधा मणक्यात असतो. त्यातच लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर एक रात्रही थांबू नये.

भगिनींनो, ओटीपोटाच्या दुखण्याबद्दल बोलताना मला संकोच वाटतो, पण हजेरीपट माझ्याच हातात असतो. काही मुली दर महिन्याला दोन दिवस गैरहजर असतात. पाळीत थोडे दुखणे, शेकून बरे वाटणे हे नेहमीचे आहे. शाळा बुडावी इतके दुखणे नेहमीचे नव्हे. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. प्रौढ स्त्रीला जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचा दाह, अंडाशयातील गाठ अशीही कारणे असतात. गरोदरपणी कटीचे सांधे सैल होऊन दुखतात. तेव्हा कूस बदलताना गुडघे जुळवून वळावे, सलवार बसून घालावी.

आपल्या घरांशी जवळचा संबंध असलेली आणखी एक गोष्ट आहे. श्रीनगरात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. ऊन न मिळाल्याने पडद्यातील स्त्रियांची हाडे मऊ पडतात, कटीचा हाडांचा सांगाडा आकसतो आणि बाळंतपण अडते, असे त्यांनी त्यात मांडले. ड जीवनसत्त्वाचा तो अभाव आजही आहे, आणि तो केवळ आपल्या समाजात आहे असेही नाही. जांघेत दुखणे, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, चाल झुलती होणे ही त्याची लक्षणे. आड असलेल्या अंगणात किंवा गच्चीत हातापायांवर ऊन घेता येते. त्यासाठी कुणाला काही सोडावे लागत नाही. कमतरता फार असेल तर मात्र रक्त तपासून डॉक्टर देतील त्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

वृद्ध माणूस पडले आणि पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर चोळणाऱ्याला बोलावू नका. ते मोडलेले हाड असते. शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झालेली बरी.

आता काठीचे. माझ्या आईचा उजवा खुबा झिजला आहे. ती काठीही उजव्या हातातच धरी. डॉक्टरांनी ती डाव्या हातात दिली. विरुद्ध हातातील काठीने दुखऱ्या सांध्यावरचा भार खूपच कमी होतो. "दुखतंय इकडं आणि टेकू तिकडं, हा कसला डॉक्टर!" म्हणून आईने चार दिवस मला ऐकवले. नमाज ती आता खुर्चीवर बसून पढते. परवा मात्र काठी डाव्या हातात धरून शेजारणीकडे एकटीच गेली आणि परत येऊन तिलाही काठीचा हात बदलायला लावला म्हणाली.