'चायनाटाउन': माळ्याचा एक शब्द



भाषा अकादमीच्या व्यासपीठावरून साहित्याच्या प्राध्यापकाने अमेरिकन गुप्तहेरपटावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण १९७४ सालच्या 'चायनाटाउन' या चित्रपटात खुनाचा उलगडा एका उच्चारापाशी अडतो, म्हणून हा विषय मी निवडला.

कथा १९३७ च्या लॉस एंजेलिसमधली. शहरात पाणीटंचाई आहे, आणि रात्री कुणीतरी साठ्याचे पाणी गुपचूप सोडून देत आहे. पाणीखात्याचा मुख्य अभियंता हॉलिस मुलरे याला हे उमगते आणि तो मारला जातो. जेक गिटिस हा खासगी गुप्तहेर शोध घेऊ लागतो. नव्या धरणाचे पाणी ज्या खोऱ्यात जायचे, तिथल्या जमिनी मातीमोल भावाने विकत घेतल्या जात आहेत, हे त्याला कळते. दप्तरात मालक म्हणून नावे आहेत वृद्धाश्रमातल्या रहिवाशांची. त्यांना याची गंधवार्ताही नाही. एकाने तर मेल्यानंतर आठवड्याने जमीन घेतली आहे! सूत्रधार आहे नोआ क्रॉस, मुलरेचा सासरा.

रॉबर्ट टाउन यांच्या या पटकथेला ऑस्कर मिळाले. तिच्यामागे खरा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉस एंजेलिसने दूरच्या ओवेन्स खोऱ्यातले पाणी मिळवले. १९१३ मध्ये साडेतीनशे किलोमीटरहून लांब जलवाहिनी पुरी झाली, आणि सॅन फर्नांडो खोऱ्यात आधीच जमिनी घेऊन बसलेले धनिक गबर झाले. टाउन यांनी हा काळ पुढे आणून त्याला रहस्यकथेचे रूप दिले.

आता त्या उच्चाराकडे येतो. मुलरेच्या बंगल्यात तळ्याकाठी एक जपानी माळी काम करतो आहे. हे पाणी 'ग्लास'ला वाईट, असे तो म्हणतो. त्याला म्हणायचे असते 'ग्रास', म्हणजे गवत. गिटिस मिस्कीलपणे तोच उच्चार परत करतो आणि विषय सोडून देतो. पुढे कळते, की मुलरेचे प्रेत गोड्या पाण्यात सापडले, पण फुप्फुसांत खारे पाणी होते. बऱ्याच उशिरा गिटिस पुन्हा त्या माळ्याशी बोलतो, तेव्हा तळे खारे असल्याचे त्याला समजते. तळातून चष्मा निघतो. तो चष्मा क्रॉसचा असतो.

दिग्दर्शक रोमन पोलान्स्की यांनी सारा चित्रपट गिटिसच्या बरोबर चालवला आहे. त्याला कळेल तेवढेच आपल्याला कळते. म्हणून माळ्याच्या उच्चाराला आपणही हसतो, आणि पुरावा आपल्याही कानांवरून जातो.

याउलट क्रॉस गिटिसचे नाव वारंवार 'गिट्स' असे उच्चारतो. त्याला कोण हसणार? गरिबाच्या जिभेवरची चूक अडाणीपणा ठरते. मातबराच्या जिभेवर तीच चूक हुकूम होते. शेवटी चायनाटाउनच्या रस्त्यावर गिटिस खरा गुन्हेगार कोण ते पोलिसांना ओरडून सांगतो. त्याचे कुणी ऐकत नाही. इव्हलिन मुलरे गोळीला बळी पडते आणि तिची मुलगी क्रॉसच्या हाती जाते. न ऐकणाऱ्याचे शेवटी कुणी ऐकू नये, हा योग मला फार बोचतो.

बोचण्याचे कारण घरचे आहे. इंदुरात आमच्या अनेक मुलांच्या तोंडात हिंदीच्या सहवासाने 'ळ' राहिलेला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या टाकीत गाल साचलाय." वर्ग हसला. मीही हसलो, आणि फळ्यावर 'गाळ' लिहून दोन्ही शब्दांतला फरक समजावला. तास चांगला झाला असे मला वाटले. पुढच्या आठवड्यात तिच्या वसतिगृहातल्या मुली पोटाच्या दुखण्याने आजारी पडल्या, तेव्हा ती मला काय सांगत होती हे कळले.

उच्चार शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. ते शिकवण्याचाच मला पगार मिळतो. पण आधी टाकी पाहावी, 'ळ' नंतर शिकवावा. सत्ता आणि पैसा यांच्या कारस्थानाची पहिली खबर पुष्कळदा माळ्यालाच असते, आणि तो ती आपल्याला येईल त्या भाषेत सांगतो. भाषेचे रक्षण करू म्हणणाऱ्यांनी निदान तेवढे ऐकावे.