सूर्यफूल आणि माझी एक चुकलेली फुली

घरच्या अंगणांत अथवा गच्चीवर सूर्यफूल कसें वाढवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. परंतु त्याआधीं मला एक कबुली दिली पाहिजे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं सांगलीकडील एका शाळेंत शिकवीत असतां मीं वर्गांत सांगितलें, "सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरत असतें." मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमच्या मळ्यातली फुलं सांजंलाबी उगवतीकडंच बघत्यात." वर्ग हंसला. मीहि हंसलों आणि त्याला खालीं बसविलें. सहामाही परीक्षेंत त्यानें तेंच उत्तर लिहिलें. मीं त्यावर फुली मारली.

नोकरींतून मोकळा झाल्यावर साताऱ्यास येऊन राहिलों आणि गच्चीवर चार कुंड्यांत सूर्यफुलें लावलीं. त्या कुंड्यांनीं मला जें शिकविलें, तें आपणांस सांगतों.

प्रथम हंगाम पाहूं. कृष्णा माहुलीस वेण्णेला आणि पुढें हरिपुरास वारणेला भेटते. नदी एकच, पण पाऊसमान दोन्हीकडे निराळें. साताऱ्यास आषाढ-श्रावणांत झड लागते, कुंडींत पाणी सांचतें आणि मुळें कुजतात. म्हणून सातारकरांनीं पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरांत, बीं पेरावें. सांगलीस पाऊस बेताचा. तेथें जुलैंतील पेरणीहि साधते. उन्हाळी फुलें हवीं असल्यास जानेवारी संपण्यापूर्वीं पेरावें, म्हणजे वैशाखाच्या झळा लागण्याआधीं फुलणें आटोपतें.

कुंडी निदान फूटभर खोल असावी. तळाला भोंक, आणि त्यावर खापराचा तुकडा. नदीकांठची काळी माती कसदार खरी, पण ती पाणी धरून ठेवते. म्हणून तिच्यांत तितकेंच कुजलेलें शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. बीं बियाण्यांच्या दुकानांतून आणावें. खाण्यासाठीं भाजलेलें बीं उगवत नाहीं. गच्चीसाठीं बुटकी जात मागावी, कारण उंच जाती माणसाच्या डोक्यावर जातात आणि वाऱ्यानें मोडतात. बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर दोन-तीन बिया टाकाव्या. आठवडाभरांत कोंब दिसतात. चार पानें झालीं कीं जोमाचें एक रोप ठेवून बाकीचीं कात्रीनें कापावीं; उपटल्यास ठेवलेल्याचीं मुळें दुखावतात. याचें सोटमूळ खोल जातें, म्हणून रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावणें त्याला मानवत नाहीं. जेथें वाढवावयाचें तेथेंच पेरावें.

दिवसांतून सहा तास तरी थेट ऊन मिळालें पाहिजे. वरची माती बोटाला कोरडी लागली कीं पाणी द्यावें. कळी धरल्यापासून दाणे भरेपर्यंत पाण्याचा ताण पडूं देऊं नये. युरियाचा मोह आवरावा, नाहीं तर पानें माजतात आणि फूल रुसतें. झाड गुडघ्याएवढें होतांच काठी रोवून सुती दोरीनें सैल बांधावें.

सुमारें दोन महिन्यांनीं फूल उमलतें. ज्याला आपण एक फूल म्हणतों, तें वस्तुतः शेंकडों फुलांचें संमेलन असतें. कडेच्या पिवळ्या पाकळ्या केवळ शोभेच्या. मधल्या चकतींतील बारीक फुलें कडेकडून आंत क्रमानें उमलतात आणि त्यांचेच दाणे होतात. झेंडू, शेवंती, करडई, कारळे आणि कासच्या पठारावरील सोनकी हीं सारीं याच कुळांतील भावंडें. दाणे भरण्यास मधमाश्या हव्या, म्हणून फुलोऱ्यावर विषारी औषध फवारूं नये. माश्या कमी असल्यास सकाळच्या वेळीं हाताला मऊ फडकें गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हळुवार फिरवावें. पुढें पोपट येतात. तेव्हां फुलाला मलमलीची सैल पिशवी घालावी. फुलाची मागची बाजू पिवळी पडून तपकिरी होऊं लागली कीं तें कापून वाळवावें.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. माझीं रोपें कोवळीं असतांना त्यांचे शेंडे सूर्याबरोबर खरोखरच वळत आणि पहांटे पुन्हां पूर्वेकडे आलेले असत. पुढें फुलें उमललीं. एका संध्याकाळीं सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड जात होता, आणि माझीं चारहि फुलें त्याच्याकडे पाठ करून माहुलीच्या दिशेनें पाहत उभीं होतीं. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशींहि तेंच. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

याचा उलगडा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केला आहे. दिवसा खोडाची पूर्वेकडील बाजू अधिक वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकतो. रात्रीं पश्चिमेकडील बाजू अधिक वाढते, म्हणून तो परत येतो. झाडाची वाढ थांबली कीं हें फिरणेंहि थांबतें, आणि उमललेलें फूल पूर्वाभिमुख राहतें. त्यांनीं कांहीं कुंड्या वळवून फुलें पश्चिमेकडे करून पाहिलीं. पूर्वेकडचीं फुलें सकाळीं लवकर ऊबदार झालीं आणि त्यांच्यावर पांचपटीपर्यंत अधिक माश्या आल्या. म्हणजे झाडाच्या या स्थिर राहण्यांतहि हित आहे.

तो मुलगा मळा पाहून बोलत होता. मी पुस्तक पाहून बोलत होतों. आज तो कोठें असेल मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे: बाळ, तुझें उत्तर बरोबर होतें. ती फुली मी आज पुसतों.

आपणांस एक विनंती आहे. घरांतील मुलांच्या हातून एक तरी बीं पेरवा, आणि फूल सकाळ-संध्याकाळ कोणीकडे पाहतें तें त्यांना वहींत टिपावयास सांगा. त्यांची नोंद पुस्तकाशीं जुळली नाहीं, तर मुलाला खालीं बसविण्यापूर्वीं एकदां अंगणांत जाऊन या.