सामन्याच्या आधी की नंतर?



मी राहतो भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात. संध्याकाळी खाडीकाठच्या चौपाटीवर पोरे धावायचा सराव करतात. आमच्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघातलीही त्यांत चारपाच असतात. गेल्या वर्षी एका रात्री ती घरी परतत असता नाकाबंदीवर अडवली गेली. आधी नावे विचारली, मग आडनावे. चौघांना सोडले; पाचव्याला, आडनाव ऐकल्यावर, मध्यरात्रीपर्यंत बसवून ठेवले. गुन्हा म्हणाल तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संघाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नावे एक पत्र लिहिले. बाराही जणांच्या सह्या. कर्णधार ते घेऊन माझ्याकडे आला. "सर, आत्ता द्यावं की स्पर्धा झाल्यावर?"

मी म्हणालो, "बाबा रे, आधी खेळून घ्या. उगाच संघावर बालंट नको."

तेव्हा हा सल्ला मला मोठा शहाणपणाचा वाटला होता. आता वाटत नाही, आणि त्याला कारण झाले पालवणकर बंधू.

पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर महिना तीनचार रुपयांवर ते मैदानाची देखभाल करीत व साहेबांना गोलंदाजी टाकीत. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येईना. मैदानावर चेंडू त्यांच्या हातून सगळे घेत; चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली विलायतेच्या दौऱ्यात या गृहस्थांनी ११४ बळी मिळवले. इतके करूनही कर्णधारपद काही आले नाही. धाकटे बंधू विठ्ठल उत्तम फलंदाज, तेही त्याच रांगेत.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळले. कर्णधार म. द. पै आजारी पडले, तेव्हा ती जागा विठ्ठलांना न देता देवधरांना दिली. हेच ते पुढे प्रोफेसर देवधर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेले. त्यांच्या खेळाबद्दल वाद नाही. वाद होता तो ज्येष्ठता डावलण्याचा. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे बंधू संघातून बाहेर पडले. जातीमुळे आपल्याला मागे ठेवले जाते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. पुढचा सामना तोंडावर आलेला! मग तडजोड झाली. पै परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, आणि हिंदू संघ जिंकला.

हेच निवेदन त्यांनी सामने उरकल्यावर काढले असते तर? कुणी वाचलेही नसते.

अमेरिकेतले एक उदाहरण तर अगदी विद्यार्थ्यांचेच आहे. मिसूरी विद्यापीठात वर्णद्वेषाविरुद्ध मुले कित्येक दिवस ओरडत होती. एकाने उपोषणही मांडले. अध्यक्ष हलले नाहीत. ७ नोव्हेंबर २०१५ ला, शनिवारी, फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी सांगितले की अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. सामना सोडला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागणार होते. सोमवारी अध्यक्षांनी राजीनामा दिला.

याची किंमत नसते असे मी म्हणणार नाही. १९६८ मध्ये मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये स्मिथ आणि कार्लोस यांनी मूठ वर केली, आणि त्यांना घरी धाडले गेले.

आपल्याकडे पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी प्राधिकरणे नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना सांगितले. म्हणजे कागदावर दार आहे. पण दारापर्यंत कुणी तरी जायला हवे ना!

आमच्या मुलांची स्पर्धा झाली, मग परीक्षा आल्या, आणि पत्र माझ्या टेबलाच्या खणातच राहिले. परवा चौपाटीवर यंदाचा कर्णधार भेटला. गेल्या वर्षी बसवून ठेवलेला मुलगा तो हाच. म्हणाला, "सर, ते पत्र तुमच्याकडेच आहे ना? येत्या शनिवारी पहिला सामना आहे. त्याआधी परत द्याल का? तारीख बदलून घेतो."

काल मी ते त्याच्या हाती दिले.